डॉक्टरांना जाब विचारण्याची वाट

घरचं माणूस दवाखान्यात नेलं की आपण म्हणतो, “डॉक्टर, आता सगळं तुमच्यावर.” पण पुढे हलगर्जीपणा झाला, तर जाब कुणाला विचारायचा? त्याची वाट कशी तयार झाली, ते आज पाहू.

मुंबई इलाख्यात १९१२ साली डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. गैरवर्तन करणाऱ्या डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढण्याचा अधिकार परिषदेला मिळाला. पण ज्याच्या घरात दुःख झालं, त्याला भरपाई द्यायचं काम परिषदेचं नव्हतं. त्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे.

ती पायरी एका आईवडिलांनी चढली. ६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. वीस वर्षांच्या मुलाचं समुद्रकिनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या आणि पुण्याला न्यायला सांगितलं. आई आणि ते डॉक्टर टॅक्सीनं सुमारे दोनशे मैल प्रवास करून ९ तारखेला पुण्यात पोचले. वडील दौंडहून आले. ते स्वतः डॉक्टर होते. दुपारी मुलाला एका सर्जनच्या इस्पितळात दाखल केलं. मॉर्फियाचं एक इंजेक्शन देऊन, शस्त्रक्रियेच्या खोलीत नेऊन पाय प्लास्टरमध्ये घातला. “सातपर्यंत गुंगी उतरेल,” असं सांगितल्यावर वडील दौंडला परतले. साडेसहाच्या सुमाराला शेजारी बसलेल्या आईला दिसलं, की मुलाला श्वास घेता येत नाही. रात्री नऊला तो गेला.

आईवडिलांनी पंचवीस हजारांचा दावा लावला. भूल न देता, जोर लावून हाड बसवलं आणि त्या धक्क्यानं मुलगा गेला, असं कोर्टाला पटलं. भरपाई मिळाली तीन हजार. सर्जन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६८ साली तिथेही निकाल आईवडिलांच्याच बाजूनं लागला. पंधरा वर्षं गेली होती.

त्या निकालानं डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: रोगी हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, उपचार कोणता हे ठरवताना काळजी, आणि उपचार करताना काळजी. रोगी बरा झालाच पाहिजे, असं कोर्ट म्हणालं नाही. वाजवी काळजी घेतली का, एवढंच पाहायचं. हे डॉक्टरांच्याही न्यायाचं आहे.

पण पंधरा वर्षं कोर्टात झगडणं किती जणींना जमेल? म्हणून १९९५ चा निकाल मोलाचा. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. इतरांकडून पैसे घेणाऱ्या दवाखान्यात एखादीला मोफत तपासलं, तरी तिलाही हा हक्क आहे. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारे दवाखाने मात्र त्यात येत नाहीत. आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

तक्रार उभी राहते कागदांवर. २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रोग्याचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं जपायचे असतात, आणि रोग्यानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं मागितले की ७२ तासांत द्यायचे असतात. तेव्हा मैत्रिणींनो, केसपेपर, एक्स-रे, औषधांच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. सही करण्याआधी कागद वाचून घ्या. भूल देणार का, कोण देणार, हे विचारा. असं विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.