कडक तंबाखू आणि चिलमीचे सुख



यंदाच्या व्याख्यानासाठी मी हा विषय कळवला तेव्हा आमच्या घरात आधी हसू झाले आणि मग थोडी काळजी. जन्माने जैन, व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर, साठी उलटलेली आणि उभ्या आयुष्यात एकदाच झुरका घेतलेला. असा माणूस चिलमीच्या सुखावर काय बोलणार? पण माझे बालपण निपाणीत, तंबाखूच्या वखारीला लागून असलेल्या घरात गेले. आमच्या पांघरुणांना, शाळेच्या वह्यांना, सणासुदीला काढायच्या कपड्यांना तोच वास असे. घरात कोणी ओढत नव्हते आणि घर चालत होते ते दुसऱ्यांच्या ओढण्यावर. हा पेच मी लहानपणापासून वागवत आलो आहे. तो आज आपल्यापुढे मांडतो.

तंबाखूचा इतिहास मुख्यतः दोन प्रकारच्या माणसांनी लिहून ठेवला आहे. एक बंदी घालणारे, दुसरे विकणारे. पहिल्यांच्या लेखी ते केवळ विष, दुसऱ्यांच्या लेखी केवळ माल. ओढणाऱ्याला त्यात काय मिळत होते, ही नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. त्यांतली एक नोंद आपल्या शेजारच्या विजापूरची आहे.

सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी अकबर बादशहाने असद बेग नावाचा वकील विजापूरला धाडला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी शहजादा दानियाल याला द्यायचे ठरले होते, त्या कामासाठी. आपला बेळगावचा मुलूखही तेव्हा आदिलशाहीतच होता. पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडून आणलेली तंबाखू तोवर विजापूरच्या बाजारात रुळली होती. असद बेगने ती पूर्वी कधी पाहिली नव्हती. त्याने बरीचशी विकत घेतली आणि एक देखणी नळी तयार करवली. सुमारे तीन हात लांब, दोन्ही टोकांना जडाव आणि मीनाकाम, ओठांशी यमनी अकीक दगडाचे तोंड, वर पेटवायला सोन्याचे भांडे. परत गेल्यावर हे सारे चांदीच्या तबकात मांडून त्याने अकबरापुढे ठेवले.

बादशहाने विचारले, हे काय? दरबारातल्या खान-इ-आझमने सांगितले, ही तंबाखू, मक्का-मदिनेत ती माहीत आहे. अकबराने नळी घेतली आणि दोन-तीन झुरके मारले. शाही हकीम मध्ये पडला. आपल्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही आणि आपल्या शहाण्यांनी जी पारखलेली नाही ती वस्तू घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. असद बेगचा सवाल असा की, जगातली प्रत्येक रीत केव्हातरी नवीच होती ना? बादशहाला वकिलाचे बोलणे आवडले, पण त्याने स्वतः पुन्हा नळी धरली नाही. अमीर-उमरावांनी मात्र मागून मागून तंबाखू नेली आणि थोड्याच काळात व्यापारी ती विकू लागले.

मी डॉक्टर आहे, म्हणून ही हकीकत वाचताना मी नेहमी हकिमाच्या बाजूला उभा राहतो. तरीही त्याचा पराभव का झाला ते मला दिसते. तो ग्रंथांबद्दल बोलत होता आणि समोरच्या माणसाच्या तोंडात चव आली होती.

राजांचेही पुढे असेच झाले. इंग्लंडच्या पहिल्या जेम्सने १६०४ साली तंबाखूच्या निषेधाची पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी पौंडामागे दोन पेन्स असलेली जकात सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. तंबाखू हटली नाही. इकडे १६१७ साली जहांगीरने बंदीचा हुकूम काढला. इराणच्या शाह अब्बासनेही आपल्या मुलुखात मनाई केली होती. गंमत अशी की, जहांगीरने त्याच शाहाकडे पाठवलेला वकील खान आलम याला तंबाखूवाचून घटकाभर निभत नसे. ही अडचण शाहाच्या कानावर घातली गेली, तेव्हा त्याने एक शेर लिहून त्या पाहुण्याला मोकळीक दिली. हे जहांगीरनेच आपल्या आठवणींत नोंदवले आहे. ज्या लिखाणात बंदी आहे, त्यातच तलफेपुढे शाहाने घेतलेली माघारही आहे.

आता ही तलफ म्हणजे काय, आणि शौकीन माणूस 'कडक'च का मागतो, हे पाहू. तंबाखूच्या झाडात निकोटिन तयार होते ते मुळांत, आणि तेथून ते पानांत चढते. १५६० च्या सुमारास लिस्बनहून फ्रान्सच्या दरबारी तंबाखू पाठवणारा वकील झाँ निको, त्याच्या नावावरून हे नाव पडले. १८२८ साली हायडलबर्गच्या पोसेल्ट आणि राइमान यांनी ते पानातून वेगळे काढले. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला यातले काही ठाऊक नव्हते, पण झाड भरात आले की शेंडा खुडायचा आणि बगलेत फुटणारी पिले काढून टाकायची, हे त्याला पक्के ठाऊक होते. फूल आणि फुटवा यांच्याकडे जाणारे बळ मग पानात उतरते, पान जाड होते आणि निकोटिन वाढते. काळ्या जमिनीतले हे पान उन्हात वाळते, त्यावर तांबूस ठिपके उठतात, आणि ते ठिपके पाहूनच वखारीत मालाची किंमत ठरे. 'कडक' हा शब्द त्या शेंडा खुडणाऱ्या बोटांतून आला आहे.

युरोपातल्या पाइप ओढणाऱ्यांचा कडकपणा थोडा निराळा. इंग्लंडच्या केंडल गावी पान पिळून त्याचा काळा दोर करतात. अमेरिकेतल्या लुइझियानात पेरीक नावाची तंबाखू पिंपात दाबून, स्वतःच्याच रसात महिनोन्महिने मुरवतात. अशा काळ्या तंबाखूचा धूर क्षारधर्मी असतो. त्यातले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात शिरते, धूर छातीत घ्यावा लागत नाही. सिगारेटचा धूर आम्लाकडे झुकणारा, म्हणून तो फुप्फुसात ओढावा लागतो. पाइपवाल्याचे सुख सावकाश चढते ते यामुळे. तो धूर तोंडात घोळवतो, सोडतो, मध्येच नळी विझते, पुन्हा पेटवतो. आपला चिलीमवाला मात्र दम छातीपर्यंत नेतो, म्हणून त्याचे सुख आणि त्याचे नुकसान दोन्ही लवकर गाठतात.

पण निकोटिन हे अर्धेच उत्तर झाले. आमच्या वखारीवर एक म्हातारे राखणदार होते. संध्याकाळी दारे लागली की ते पायरीवर बसत. चंची सोडायची, तळहातावर तंबाखू चुरायची, चिलमीत खडा आहे ना ते बघायचे, तंबाखू भरायची, छापी भिजवून पिळून खाली गुंडाळायची, चकमक झाडायची. पहिला दम घेईपर्यंत चांगली पाच-सात मिनिटे जात. तेवढ्या वेळात दिवसभराची धावपळ हातातून उतरून जाई. मग शेजारी जो असेल त्याच्याकडे चिलीम जाई. एरवी एका पंक्तीला न बसणारी माणसे त्या पायरीवर एका चिलमीला हात लावताना मी पाहिली आहेत.

मी बारा वर्षांचा असताना, ते पाणी आणायला उठले तेव्हा, एक दम मारला. पुढची घटका मला आजही स्वच्छ आठवते. पोटातून उसळून आलेली मळमळ, भोवताली फिरणारी वखार, चेहऱ्यावर थंडगार घाम. मोकळ्या हवेत आणून शर्टाची बटणे सोडली तेव्हा थोडे बरे वाटले. पुढे कॉलेजात मटेरिया मेडिका शिकताना 'टॅबॅकम'चे पान उघडले आणि मी थक्क झालो. प्राणांतिक मळमळ, पांढराफटक चेहरा, बर्फासारखा गार घाम, चक्कर, उघड्या हवेत आणि पोट उघडे टाकल्यावर आराम. माझीच संध्याकाळ तिथे छापली होती.

आमच्या शास्त्राचे जनक हानेमान यांनी कॉफीच्या दुष्परिणामांवर १८०३ साली स्वतंत्र निबंध लिहिला. तेच हानेमान लाइपझिगमध्ये रात्री आठनंतर शिष्यांना घरी जमवत, आणि डोक्यावर मखमली टोपी, हातात लांब नळीचा पाइप अशा थाटात आरामखुर्चीत बसून बोलत. त्यांच्या शिष्यांनीच हे लिहून ठेवले आहे. त्याच जर्मन भूमीत १७९५ साली सॉमरिंग या वैद्याने पाइप ओढणाऱ्यांत ओठाचा कर्करोग अधिक आढळतो, असे नोंदवले होते. विद्यार्थी असताना मला या विसंगतीचा राग येई. आता येत नाही. औषधांच्या बाबतीत इतका काटेकोर माणूसही संध्याकाळी एक नळी धरून बसतो, यावरून त्या सुखाची ताकद कळते.

आता घरच्या पेचाकडे येतो. जैन श्रावकाला सप्तव्यसने वर्ज्य आहेत : जुगार, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी आणि परस्त्री. यात तंबाखू नाही. नसणारच, कारण ही यादी झाली तेव्हा हे झाड या भूमीत नव्हते. त्यामुळे आमच्या वडिलांच्या पिढीला एक पळवाट मिळाली. परंतु श्रावकाने टाळायच्या धंद्यांचीही एक यादी आहे, पंधरा कर्मादानांची, आणि तिच्यात विषवाणिज्य आहे. एका चातुर्मासात अण्णांनी गावात आलेल्या मुनिमहाराजांना विचारले की, तंबाखू विषवाणिज्यात मोडते का? महाराजांनी उलट विचारले, "तुमच्या मुलाला हा माल द्याल का?" अण्णा गप्प राहिले. धंदा बंद झाला नाही. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस वखारीला कुलूप लागू लागले, इतकेच. मला त्यांनी वखारीत बसवले नाही, डॉक्टरकीला घातले. कारण त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

मी कॉलेजात असताना १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीत पुणे-बंगलोर रस्ता अडवला. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. आम्ही व्यापाऱ्याच्या घरात दारे लावून बसलो होतो. त्याच सुमारास वखारींत तंबाखू चाळणाऱ्या बायाही संघटित झाल्या. त्यांच्यावर युगांतर या गटाने १९८२ साली 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. तो मी पुष्कळ वर्षांनी पाहिला. त्या बोलत होत्या आणि मला आमच्या वखारीतला दुपारचा धुरळा आठवत होता : नाकाला पदर बांधलेल्या बाया, खोकला, चक्कर, उलट्या. टॅबॅकमचे तेच पान. राखणदाराला त्या पानाच्या मोबदल्यात संध्याकाळचे सुख तरी मिळत होते. या बायांच्या वाट्याला सुखाचा एक झुरकाही न येता नुसते विष आले, आणि तेही रोजंदारीवर. मी जी पुस्तके विकत घेऊन हे शास्त्र शिकलो, त्यांचे पैसे त्या धुरळ्यातून आले होते.

म्हणून आज मला असे वाटते की, चिलमीचे सुख खोटे होते असे म्हणणारा इतिहास अपुरा आहे, आणि ते सुख एवढेच सांगणाराही अपुरा आहे. सुख खरे होते. त्याची किंमत मात्र ओढणाऱ्याने एकट्याने दिली नाही.

एक प्रसंग सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातले एक आबा दवाखान्यात आले. खालच्या ओठावर पांढरा चट्टा. हे माझ्या गोळ्यांचे काम नाही हे ओळखून मी त्यांना तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात जायला चिठ्ठी दिली आणि चिलमीवरून चांगले फैलावर घेतले. ते शांतपणे ऐकत होते. माझे संपल्यावर म्हणाले, "सोडतो की डाक्टर. पन सांच्याला मी हातात काय धरू, त्येवढं सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हते. अकबराच्या हकिमाकडेही नव्हते. त्या दिवसापासून मी तंबाखू सोडायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न, किती ओढता, असा विचारत नाही. कधी ओढता, कुठे बसून ओढता, आणि शेजारी कोण असते, ते विचारतो. त्याच्या हातातून काय काढून घेतो आहोत हे कळले, तर त्या जागी काय ठेवायचे ते दोघांना मिळून शोधता येते. आबा पुढे काही महिने संध्याकाळी दवाखान्याच्या कट्ट्यावर येऊन बसत. हातात रिकामी चिलीम असे. मी पेशंट आटोपून त्यांच्याशेजारी जाऊन बसे.