गोजिरा ते गोजिरवाणा

गॉडझिलाचं मूळ जपानी नाव गोजिरा. 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, या दोघांची खिचडी. मराठी कानाला आधी हसू येतं, कारण आपल्याकडे गोजिरं असतं ते बाळ. गंमत म्हणजे पुढच्या तेरा वर्षांत हा राक्षस खरोखरच गोजिरवाणा झाला! पण तो कसा झाला ते बघायला गेलं की हसू ओसरतं.

१ मार्च १९५४. अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट अंदाजापेक्षा कितीतरी मोठा निघाला, १५ मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या जवळजवळ हजारपट. तिथून दीडएकशे किलोमीटरवर ट्यूना धरायला गेलेल्या 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी बोटीवर पांढरी राख पडू लागली. बोटीवर २३ जण होते. सगळे आजारी पडले आणि रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरात गेले. बाजारातले मासे यंत्र लावून तपासायची आणि पुरून टाकायची वेळ आली.

त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा 'गोजिरा' लागला. दिग्दर्शक इशिरो होंडा, जो युद्धावरून घरी परतताना उद्ध्वस्त हिरोशिमा बघून आला होता. सिनेमा सुरू होतो तोच एका बोटीवर. खलाशी डेकवर गिटार वाजवत निवांत बसलेत आणि समुद्रात एकदम लख्ख उजेड होतो.. कशाबद्दल बोलणं चाललंय हे तेव्हाच्या जपानी प्रेक्षकाला वेगळं सांगायला नकोच होतं. पुढे गाडीत बसलेली एक बाई किरणोत्सर्गी माशांबद्दल कुरकुरते आणि नागासाकीतून आपण कसेबसे वाचलो हेही बोलून जाते. मला हा राक्षसपट वाटतच नाही. सुतकातल्या घरासारखा सिनेमा आहे.

आता एकदम दहा वर्षं पुढे. १ ऑक्टोबर १९६४ला बुलेट ट्रेन सुरू झाली, १० तारखेला टोकियो ऑलिंपिक. आणि ऑलिंपिक चालू असतानाच १६ तारखेला चीनने पहिला अणुस्फोट केला. २० डिसेंबरला होंडाचाच नवा सिनेमा आला. त्यात किंग गिदोरा नावाचा तीन तोंडांचा सोनेरी राक्षस अंतराळातून येतो. मोथ्रा ही अळी गोजिराकडे मदत मागायला जाते. राक्षसांचं बोलणं दोन चिमुकल्या जुळ्या बहिणी भाषांतर करून माणसांना सांगतात. गोजिराचं म्हणणं असं की माणसं कायम आमच्या जिवावर उठलेली, त्यांना आम्ही का वाचवायचं?

मोथ्रा एकटीच लढायला जाते, मार खाते, तेव्हा कुठे हे महाशय हलतात. झालं, गोजिरा आपल्यातला!

कोकणात वेताळ गावाची राखण करतो, तेव्हा भीतीलाच नारळ देऊन वेशीवर बसवणं आपल्याला नवीन नाही. पण वेताळाचा धाक कुणी विसरत नाही. इथे माझ्या मते धाकच निघून गेला. संकट आता बाहेरून, आकाशातून येणार होतं आणि घरातलं जुनं दुखणं आपल्या बाजूने लढणार होतं. गोजिराच्या त्या रास्त प्रश्नाला माणसांनी उत्तर दिलंच नाही, आणि पुढच्याच वर्षी तो पडद्यावर उड्या मारून नाचला. बच्चेकंपनी खूश. डिसेंबर १९६७मध्ये तर त्याला मुलगाही झाला, मिनिला. (दिसायला बटाट्यासारखा आहे, पण असो.)

१९८४ साली कंपनीने त्याला पुन्हा भयंकर केलं. २०२३च्या 'मायनस वन'मध्येही तो भयंकरच आहे.

आणि ती बोट? तिची डागडुजी करून, नाव बदलून 'हायाबुसा मारू' केलं आणि मत्स्य विद्यापीठाने ती प्रशिक्षणासाठी वापरली. मग गोजिराला मुलगा झाला त्याच १९६७ साली ती मोडीत काढली गेली आणि टोकियोच्या युमेनोशिमा या कचराभरावाच्या बेटावर येऊन पडली. युमेनोशिमा म्हणजे स्वप्नांचं बेट! पुढच्या वर्षी लोकांनी ती वाचवायची मोहीम उघडली. १९७६पासून ती तिथेच एका संग्रहालयात उभी आहे.