हुकमाबाहेरची मैत्री

सत्संगाचा महिमा आपल्या संतांनी गायिला. पण त्याचे मोजमाप करावयाचे, तर माणसाला सोबती निवडण्याची मुभा असता कामा नये. अशी स्थिती अमेरिकेत, कोलोरॅडोतील हवाईदलाच्या अकादमीत आढळली. तेथे नवछात्रांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा तुकड्या वाटून दिल्या जात. त्याच अकादमीत अर्थशास्त्र शिकविणारे जेम्स वेस्ट यांनी २००९ साली सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, हुशार सोबत्यांमुळे अभ्यास सुधारतो. मग पुढचा मोह अनावर झाला! स्कॉट कॅरेल आदींबरोबर त्यांनी निम्म्या नवछात्रांच्या तुकड्या हिशेबाने बांधल्या. कच्च्यांना मुद्दाम हुशारांच्या पंक्तीला बसविले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मात्र उलटाच निघाला. ज्यांचे भले योजिले, तेच मागे पडले! एकाच तुकडीत राहूनही हुशार हुशारांत आणि कच्चे कच्च्यांत मिसळले होते. हे अपयश त्या अभ्यासकांनी लपविले नाही, हा त्यांचा मोठेपणा. तुकडी हुकमाने बनते, मैत्री नव्हे. शाळेतल्या वर्गांची वाटणी कागदावर करणाऱ्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे.