चाकावर चढलेली धाव

चाकापेक्षा किंचित लहान कडे चाकावर बसवायचे, या एका अडचणीवर चाकाच्या कडेची सगळी कुळकथा उभी आहे. कडे सैल असेल तर वाटेत निखळते. घट्ट असेल तर ते चढतच नाही. बैलगाडीची लोखंडी धाव आणि डोंगरवाटेवरच्या जीपचा रुंद, जाड टायर यांच्यात शतकाचे अंतर आहे. दोन्ही चढवताना कारागिराला झगडावे लागते ते मात्र एकाच कारणाने.

बैलगाडीच्या चाकात मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पुठ्ठे असतात. इथवरचे काम सुताराचे. पुढे लोहार पट्टीवरून चाक फिरवून घेर मोजतो, पट्टी वाकवतो आणि टोके जोडून चाकाच्या घेराहून थोडे लहान कडे बनवतो. हे कडे गोवऱ्या आणि लाकडांच्या गोल जाळात लाल होईपर्यंत तापवतात, तिघे-चौघे सांडशींनी उचलून चाकावर टाकतात, घणाने ठोकून सारखे बसवतात आणि लगेच पाणी ओततात. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४७१ सेंटीमीटर असतो. तेवढे लोखंडी कडे ५०० अंश सेल्सिअसने तापवले की त्याचा घेर जवळजवळ २८ मिलिमीटरने वाढतो. तेवढ्या फटीत चाक मावते. निवताना कडे आकसते, पुठ्ठ्यांचे सांधे मिटतात, आरे तुंब्यात रुततात आणि सगळे चाक एकजीव होते. म्हणजे धाव लाकडाची झीज वाचवतेच, शिवाय चाक बांधूनही ठेवते. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली की शेतकरी गाडी ओढ्यात उभी करून चाके भिजू देतात, त्यामागचे कारण हेच.

ही रीत मराठी मुलुखात कुठून आली, याबद्दल तीन मते मांडता येतात. पहिले मत वेदकाळापर्यंत जाते. ऋग्वेदात रथचक्राच्या कडेसाठी ‘पवि’ हा शब्द येतो, तेव्हा धाव इथलीच, असे हे मत म्हणते. पण चाकाला धातूची कड असणे वेगळे आणि अखंड कडे तापवून आवळणे वेगळे. युरोपातही लोहयुगातल्या केल्टिक रथांना अखंड आवळलेली कडी होती, तरी ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकातही अनेक गाड्यांच्या चाकांवर लोखंडाचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले असत. राजरथापुरते जमलेले कसब आपोआप शेतकऱ्याच्या गाडीपर्यंत उतरत नाही.

दुसरे मत तोफखान्याचे. तोफेच्या गाड्याला मजबूत चाक लागते, म्हणून लष्करी कारखान्यांतून ही विद्या गावात आली, असा हा तर्क. वरवर तो पटतो. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश तोफांची चाकेही तुकड्यांच्या खिळेबंद पट्ट्यांवरच चालत होती. गुरूपाशीच जे नव्हते, ते शिष्याला कुठून मिळणार?

तिसरे मत सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीकडे बोट दाखवते आणि तेच सर्वांत भक्कम आहे. ब्रिटिश अमलाच्या आरंभी दख्खनमध्ये मालगाड्या थोड्या, बोजड, भरीव चाकांच्या आणि महाग होत्या. बराचसा माल बैलांच्या पाठीवरून जाई. १८३६ च्या सुमारास महसुली मोजणीच्या कामावरचे लेफ्टनंट गेसफर्ड यांनी पुणे–सोलापूर वाटेवरच्या टेंभुर्णीला सुधारलेल्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. शेतकऱ्याला परवडेल अशी हलकी गाडी तिथून पसरली. हलके चाक आऱ्यांचे, आणि आऱ्यांचे चाक धावेने एकजीव राहते.

या मताला खरा आधार लोखंडाचा आहे. देशी भट्टीतून लोखंड गोळ्यांच्या रूपात निघे. त्यांतून पावणेपाच मीटरची सलग पट्टी काढायची तर कोळसा आणि घणाचे श्रम अफाट लागत. इंग्लंडमध्ये हेन्री कॉर्टच्या १७८३–८४ च्या पेटंटांनंतर लाटयंत्रातून लांब, सपाट, एकसारख्या पट्ट्या स्वस्तात निघू लागल्या आणि पुढे त्या मुंबई बंदरात उतरल्या. अशी तयार पट्टी हाती आली की गावच्या लोहाराला फक्त वाकवणे, जोडणे आणि तापवणे उरते. म्हणून गावोगावच्या धावेचे जनकत्व वेदातल्या रथापेक्षा टेंभुर्णीची गाडी आणि लाटयंत्र यांच्याकडे जाते. सुतार-लोहारांची जोडी गावगाड्यात आधीपासून होतीच. तिला नवा माल मिळाला.

इंग्रजी ‘टायर’ शब्दाच्या उगमाचा वादही इथे उपयोगी पडतो. एक पक्ष तो ‘बांधणे’ या अर्थाच्या शब्दाशी जोडतो, दुसरा ‘पोशाख’ या अर्थाच्या ‘अटायर’शी. कोशकारांचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. मराठीत अंगरखा चढवतात, साज चढवतात आणि धावही चढवतात. चाकाला वस्त्र नेसवण्याची कल्पना दोन्हीकडे सहज सुचली, असे मानायला यामुळे जागा मिळते.

रबरी टायरची वाटचाल परिचित आहे: १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसनचे पेटंट, १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप. चढवण्याचा प्रश्न मात्र १८९० मध्ये चार्ल्स वेल्चने सोडवला. त्याने टायरच्या काठात न ताणणारी तार घातली आणि रिमच्या मध्यभागी खोलगट घळ ठेवली. काठाची एक बाजू घळीत दाबली की समोरच्या बाजूला तेवढी सैल जागा मिळते आणि टॉमीने काठ रिमवरून आत ओढता येतो. पंक्चरवाला समोरची बाजू पायाने दाबून धरतो, ती याच घळीत. नंतर साबणाचे पाणी लावून हवा भरली की काठ फट्‌कन आवाज करत जागेवर बसतात. आग जे काम करत होती, ते घळ आणि हवा वाटून घेतात. साखर कारखान्यांच्या टायरगाड्यांमुळे हे रबर बैलांच्या मागेही आले.

डोंगरात ही रीत पुन्हा अडखळते. उदाहरणार्थ, नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातली मणिबेली नर्मदेकाठी आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातले सर्वांत आधी बुडू लागलेले हे गाव. १९९३ पासून बुडिताने त्याला वेढले. सातपुड्याच्या चढणींवर चारही चाकांना जोर देणाऱ्या जीपगाड्या लागतात, तर बुडितातली अनेक कुटुंबे तळोद्याच्या सपाटीवर, सोमावल आणि रोझव्यासारख्या वसाहतींत गेली, तिथे ट्रॅक्टर आला. दोन्हींचे टायर रुंद, जाड आणि ताठ. काठ रिमला टेकतच नाही, त्यामुळे भरलेली हवा फटीतून निसटते. उपाय म्हणजे टायरभोवती दोर किंवा पट्टा आवळून काठ बाहेर ढकलणे, नाही तर टाकीतली साठवलेली हवा एकदम सोडणे. आइसलँडच्या बर्फाळ वाटांवरचे चालक ज्वलनशील वायूचा भडका उडवूनही काठ बसवतात. तिथे आग लोखंडाऐवजी हवेला फुगवते. हा प्रकार जीवघेणा आहे. काठ किंवा रिम फुटून माणसे दगावली आहेत. अनेक तुकड्यांच्या रिमचे टायर म्हणूनच लोखंडी पिंजऱ्यात ठेवून फुगवतात.

शेवटची अडचण कमी हवेची. चिखलात आणि खडकांवर पकड मिळावी म्हणून हवा उतरवली की काठ रिमवरून घसरतो. त्यासाठी बीडलॉक रिम निघाली. तिच्यात टायरचा काठ बाहेरून एका कड्याखाली धरून बोल्टांच्या रांगेने आवळतात. आकसणाऱ्या धावेने चाकावरचे खिळे घालवले होते. जिथे हवेचा दाब पुरत नाही, तिथे चाकाने पुन्हा खिळ्यांच्याच रीतीचा आधार घेतला आहे.