ॲप नेमकं वापरलं कोणी? : वारणानगर ते ई-पीक पाहणी



संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना हल्ली ‘ग्रामीण भागातील मोबाईल ॲपचा वापर’ हा विषय घ्यायचा असतो. विषय चांगलाच आहे. पण प्रश्नावली तयार करण्याआधी थोडा इतिहास बघून घ्या, नाहीतर माझ्यासारखे फसाल.

आधी माझंच सांगतो. खरिपात गावाकडं, भोकर तालुक्यात, गेलो होतो. काकांच्या सोयाबीनची ई-पीक पाहणी राहिली होती. मी ॲप समजावून सांगायला लागलो. खाते नंबर इथं, गट निवडा, पीक निवडा, वावरात उभं राहून फोटो काढा. काका म्हणाले, “तूच कर बाबा, मह्या बोटानं काही होत नाही.” मी केलं. शेजारच्या चौघांचंही केलं. संध्याकाळी लक्षात आलं, की माझ्या प्रश्नावलीच्या हिशोबानं हे पाचही जण ‘ॲप वापरणारे शेतकरी’ ठरतात! त्यातल्या एकानंही पडद्याला बोट लावलेलं नव्हतं.

विज्ञानात आपण आधी विचारतो, उपकरण नेमकं काय मोजतंय? तोच प्रश्न इथंही विचारायला हवा.

नवीन यंत्रणा आली की ती चालवून देणारा माणूसही लागतो, ही गोष्ट आपल्याकडं जुनीच आहे. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि दरबारी भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या कुणब्याला स्वतःच्या जमिनीचा कागददेखील दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा. कागद त्याचा, पण वाचणारा दुसराच.

आता 1998 मध्ये या. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे 70 गावांसाठी ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रं उघडली. शेतकऱ्यानं बाजारभाव बघावेत, शेतीची माहिती घ्यावी, अशी मोठी अपेक्षा होती. नंतर संशोधकांनी जाऊन पाहिलं, तर केंद्रांचा मुख्य उपयोग साखर कारखान्याच्या कामासाठी होत होता: उसाचं वजन, खताची नोंद, पैशाचा हिशोब. संगणकापुढं केंद्रचालक बसायचा आणि शेतकरी पावती घेऊन जायचा. मग 7 गावांत 8 महिने एक प्रयोग झाला. संगणकाऐवजी साध्या फोनवरच्या एसएमएसनं तीच कामं करून पाहिली. ते शेतकऱ्यांना सोयीचं वाटलं आणि स्वस्तही पडलं. म्हणजे संशोधकांनी ‘संगणक किती’ एवढंच मोजलं नाही, तर ‘माणूस इथं कशासाठी येतो’ हे पाहिलं.

दुसरा मार्ग शिकवण्याचा. 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी तालुक्या-तालुक्यात पोचलं. तुमच्यापैकी अनेकांनी दहावीच्या सुट्टीत ते केलं असेल. माउस धरायचा कसा, फाइल सेव्ह करायची कशी, हे पोरांना त्यातून कळलं. पण आपल्याला शिकायला कारण होतं. पुढं नोकरीच्या फॉर्मवर ते प्रमाणपत्र लागणार होतं. काकांना तसलं कारण कुठून असणार?

शिकण्याचं हे कारण किती महत्त्वाचं, हे बंगळुरूतल्या एका अभ्यासात दिसलं. 2006 च्या सुमारास तिथं घरकाम करणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या महिलांसाठी अक्षरच नसलेला पडदा तयार केला होता. नुसती चित्रं आणि आवाज. चित्रं समजायची, तरी अडचण उरायची. ही माहिती यंत्रात आली कुठून, आणि हिचा मला उपयोग काय? म्हणून पुढं संशोधकांनी सगळी हकिगत दाखवणारा व्हिडिओ सुरुवातीला जोडला. बटण कुठं आहे हे सांगण्याआधी बटण कशासाठी आहे ते सांगायचं.

आता परत भोकरला येऊ. पूर्वी गाव नमुना 12 मध्ये पिकाची नोंद तलाठी करायचे. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली आणि ही नोंद स्वतः शेतकऱ्यानं करायची असं ठरलं. हमीभावानं सोयाबीन विकायला गेलात, की सातबाऱ्यावरची पिकाची नोंद बघतात. म्हणजे चुकलेल्या बटणाची किंमत पैशात मोजावी लागते. म्हणूनच काकांचं बोट थरथरतं. ते अडाणीपण नाही, जोखमीची नीट जाण आहे! पुढं गावपातळीवर पीक पाहणीसाठी सहाय्यक नेमले गेले. मधला माणूस परत आला.

तर प्रश्नावलीत ‘तुम्ही ॲप वापरता का?’ एवढंच विचारू नका. हे चार प्रश्न घाला: फोन कोणाचा होता? बोट कोणाचं होतं? चूक झाली असती तर नुकसान कोणाचं? आणि पुढच्या हंगामात हेच काम एकट्यानं जमेल का?

माझ्या वहीत त्या पाच नावांपुढं मी आता ‘वापर’ खोडून ‘वापर, पुतण्याकडून’ असं लिहिलंय. आकडा लहान झाला, पण खरा झाला. पुढच्या खरिपात फोन काकांच्याच हातात देणार आहे आणि माझे हात पाठीमागं बांधून उभा राहणार आहे. तुम्हीही असं करून बघा, लई अवघड असतं!