सातबाऱ्याचे संगणकीकरण आणि सेवेचे सातत्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : अनेक ठिकाणी विखुरलेली संगणकप्रणाली बंद न ठेवता तिची नवी आवृत्ती बसविणे हा संगणकशास्त्रातील कठीण प्रश्न होय. महसूल प्रशासनास मात्र हा प्रश्न संगणकापूर्वीपासून परिचित आहे. पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्यालय असून हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान याच तालुक्यात आहे. जमिनीला असे मोल आलेल्या तालुक्यात खरेदीखत, पीककर्ज वा वारसनोंद यांसाठी सातबारा सदैव उपलब्ध असावा लागतो.

हस्तलिखित पद्धती : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार बदलाची नोंद प्रथम फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) होते. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते व हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. प्रमाणीकरण होईपर्यंत सातबाऱ्यावरील जुनी नोंद कायम राहते. अंमल देताना जुने नाव नाहीसे केले जात नसे. ते कंसात घेऊन नवे नाव फेरफार क्रमांकासह लिहिले जाई. त्यामुळे प्रत्येक बदलाचा माग मागे काढता येई. पुनर्लेखन हा या पद्धतीचा दुबळा दुवा होता. नक्कल करताना नाव वा क्षेत्र चुकल्यास कलम १५५ अन्वये दुरुस्ती करून घ्यावी लागे.

संगणकीकरण : संगणकीकरण हे एका अर्थी सर्व गावांचे एकाच वेळी झालेले पुनर्लेखन होते. संक्रमणकाळात हस्तलिखित व संगणकीकृत अशा दोन प्रती नांदत होत्या. एकीवर घेतलेला फेरफार दुसरीवर न आल्यास विसंगती निर्माण होई. २००८ मध्ये भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. राज्यात ई-फेरफार प्रणाली आली. २०१७ मध्ये चावडी वाचनाद्वारे संगणकीकृत नोंदी गावकऱ्यांसमोर वाचून तपासण्यात आल्या. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला, तर २०२० मध्ये त्याचा नमुना बदलला.

निष्कर्ष : कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून नक्कल करताना गळलेल्या नावाचा भार त्या खातेदारावरच पडतो. कार्यालय बंद राहिल्यास विलंब होतो. चुकीची नोंद घेऊन ते चालू राहिल्यास हक्कच धोक्यात येतो. यास्तव प्रणाली न थांबता चालली, एवढ्यावर नव्या आवृत्तीचे यश मोजता येणार नाही. जुन्यातील प्रत्येक हक्क नव्यात उतरला की नाही, हाच खरा निकष होय. आणि ती पडताळणी ज्याचा हक्क त्याच्यासमोरच व्हावयास हवी.