ओहोटीची वाट

समुद्राने वेढलेल्या किल्ल्यात पायी चालत जाता येते, ही गोष्ट इंदूर-ग्वाल्हेरकडे वाढलेल्या मराठी मुलांना सहसा खरी वाटत नाही. किल्ला म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. अशा मुलांना घेऊन सुट्टीत एखादे कुटुंब मुंबईस आले, तर त्याने एक दिवस अलिबागसाठी राखून ठेवावा. गेटवेवरून लाँचने मांडवा गाठावा आणि तेथून मोटारीने अलिबागच्या पुळणीवर उतरावे. समोरच पाण्यात कुलाब्याचा किल्ला दिसतो.

मात्र निघण्यापूर्वी पंचांग पाहिले पाहिजे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते, असा कोकणातला जुना हिशोब आहे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि त्याआधी सुमारे सहा तास, नऊच्या सुमारास, ओहोटी. हा हिशोब स्थूल आहे. म्हणून किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसाला विचारून मगच पाण्यात पाय घालावा. घरातल्या आजीने चंद्राच्या तिथीवरून समुद्राची वेळ सांगितली की नातवंडांना त्याचे मोठे नवल वाटते.

पाणी ओसरले की ओली वाळू आणि खडक उघडे पडतात. मुले शिंपले वेचीत, खेकड्यांच्या मागे धावत तटापाशी पोहोचतात. येथे त्यांना एक गोष्ट अवश्य दाखवावी. तटाचे प्रचंड दगड नुसते एकमेकांवर रचलेले आहेत. सांध्यांत चुना भरलेला नाही. लहान मुलाचा हात त्या फटींत सहज जातो. लाटेचे पाणीही तसेच आत शिरते, आणि तेथेच तिचा जोर मोडतो. तीन शतकांहून अधिक काळ या दगडांनी समुद्राला असे झुलवत ठेवले आहे. 1680 मध्ये, शिवछत्रपतींच्या अखेरच्या दिवसांत, या कामाला आरंभ झाला, आणि संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत ते तडीस गेले.

पुढे कान्होजी आंग्रे यांनी कुलाब्यास आपल्या आरमाराचे मुख्य ठाणे केले. त्यांचा दरारा इतका वाढला की मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज एक झाले. 1721 च्या डिसेंबरात त्यांच्या संयुक्त सैन्याने चौलच्या बाजूने कुलाब्यावर चाल केली. इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे घेऊन आलेला कमोडोर मॅथ्यूज त्यांच्या साहाय्यास होता. तरीही हल्ला फसला. बाजीराव पेशव्यांची फौज मदतीस धावली, पोर्तुगीजांनी मराठ्यांशी निराळा तह केला, आणि एकटे पडलेले इंग्रज हात हलवीत परतले.

ही हकीकत ऐकून मुले तटावर चढतात, तो उत्तरेच्या बाजूस चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन तोफा त्यांना दिसतात. याच तोफांनी कान्होजींनी इंग्रजांची जहाजे फोडली असतील, असे मुले लगेच ठरवून टाकतात. वडिलांनी त्यांना तोफेवरचा आकडा वाचायला सांगावा. तो आहे 1849. कान्होजींचा मृत्यू 1729 चा. म्हणजे इंग्लंडातील यॉर्कशायरच्या कारखान्यात या तोफा ओतल्या गेल्या, तेव्हा कान्होजींना जाऊन एकशे वीस वर्षे झाली होती. साध्या वजाबाकीने एक वीरकथा ढासळते, आणि मुलांचा चेहरा उतरतो. परंतु इतिहासाचा खरा धडा येथेच सुरू होतो: इंग्रजांना शस्त्राने जिंकता न आलेल्या या तटावर इंग्लंडच्या तोफा आल्या कशा?

त्याचे उत्तर समुद्रात सापडत नाही. ते घरात सापडते. कान्होजींच्या मागे सेखोजी सरखेल झाले. 1733 मध्ये तेही वारले, आणि संभाजी व मानाजी या भावांत वितुष्ट आले. अखेर मानाजी कुलाब्यास व संभाजी विजयदुर्गास, अशी दौलतीची वाटणी झाली. आरमार दुभंगले. संभाजींनंतर विजयदुर्गी तुळाजी आले. त्यांचे पेशव्यांशी बिनसले, आणि 1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन त्यांच्यावर मोहीम काढली. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांची जहाजे जळून गेली. कुलाब्याची शाखा तेवढी उरली. तिचा शेवटचा वारस बालवयातच दगावला; दत्तकास इंग्रजांनी संमती दिली नाही, आणि 1840 मध्ये ते संस्थान खालसा झाले. तोफा आल्या त्या त्यानंतर. त्यांना येथे एक गोळाही झेलावा लागला नाही.

किल्ल्यात राघोजी आंग्र्यांच्या काळातले, 1759 मधले गणपतीचे देऊळ आहे. जवळच पुष्करणी आहे. चहूकडे खारे पाणी असताना आतल्या विहिरीला गोडे पाणी आहे. तेथे सावलीत बसून शिदोरी सोडावी. वेचलेल्या शिंपल्यांची वाटणी करताना दोघा भावंडांत तंटा होणारच. आई तो मिटवते, आणि आजीच्या मनात नुकतीच ऐकलेली आंग्रे बंधूंची गोष्ट येऊन जाते. ती बोलून दाखवली नाही तरी चालते. मुले थोडी मोठी झाली की त्यांना ती आपोआप आठवेल.

परत फिरताना मात्र उशीर करू नये. पाणी फिरले की वाळूतल्या खळग्यांत आधी ते भरते आणि मग वाट बुडवते. मुलांचा हात धरून वेळेवर किनारा गाठावा. गावात कान्होजींची समाधी आहे. तेथे दुपारी जाऊन यावे. तीनच्या सुमारास पुन्हा पुळणीवर यावे, तेव्हा सकाळची पावले आणि सकाळची वाट दोन्ही नाहीशी झालेली असतात. जेथे शिंपले वेचले तेथे आता होडी चालते. किल्ला पुन्हा बेट झालेला असतो, आणि ओल्या कपड्यांनी मुले किनाऱ्यावर उभी राहून उद्याची ओहोटी किती वाजता, हा हिशोब बोटांवर करीत असतात.